एका भिंतीतल्या दोन भिंती: माळवदाच्या घराचं भूकंप-मजबुतीकरण, प्रकल्प नोंदी

ठिकाण: तेरणा खोरं, औसा तालुका, जि. लातूर. काम तीन टप्प्यांत: जुन्या दगडमातीच्या, माळवदाच्या (लाकडी तुळया-फळ्यांवर मातीचं जाड सपाट छत असलेल्या) घरांची पाहणी, जमिनीची कंपनचाचणी आणि निवडलेल्या एका घरावर प्रत्यक्ष मजबुतीकरण. घरं क्रमांकानेच नोंदली आहेत.

११ नोव्हेंबर

पाहणीचा फॉर्म पक्का केला. पहिल्या मसुद्यात ४० रकाने होते. प्रत्यक्षात उपयोगाचे निघाले १४, बाकीचे काढले. उरलेल्यांतले महत्त्वाचे असे: भिंतीची जाडी, दोन आडव्या भिंतींमधली मोकळी लांबी, छतावरच्या मातीची जाडी, छताचं वजन खांबांवर आहे की भिंतीवर, कोपऱ्यातली उभी भेग, भिंतीचा फुगवटा, आणि आरपार दगड दिसतात का.

हा शेवटचा रकाना सगळ्यांत कठीण. बाहेरून बघून काही कळत नाही. भिंतीला दोन तोंडं असतात, आतलं आणि बाहेरचं, आणि प्रत्येक तोंड साधारण ३०० मिमी जाडीच्या दगडांनी रचलेलं असतं. मधल्या जागेत चिपा, माती, कधी नुसता राडा. दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारा पूर्ण जाडीचा दगड नसेल तर ती एक भिंत नव्हे, शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन भिंती झाल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी, सास्तूर, मंगरूळ भागात जे कोसळलं त्यात ही गोष्ट ठळक होती. भूकंप ६.२ रिश्टरच्या आसपासचा, जगाच्या मानाने मध्यम, आणि तरीही सुमारे आठ हजार माणसं गेली.

१२ नोव्हेंबर

कोडची, म्हणजे भूकंपासाठीच्या भारतीय मानकांची (आयएस), स्थिती एकदा लिहून ठेवतो, कारण गावात सतत विचारलं जातं. १९९३ साली हा भाग नकाशावर झोन १ मध्ये, म्हणजे सगळ्यांत कमी धोक्याचा होता. आयएस १८९३ च्या २००२ च्या आवृत्तीत झोन १ काढून टाकला आणि हा पट्टा झोन ३ मध्ये आला. २०१६ च्या आवृत्तीत झोन ३ चा गुणांक (जमिनीचं धरायचं त्वरण, गुरुत्वाच्या पटीत) ०.१६ आहे. आमचा हिशेब त्याच आवृत्तीवर.

दगडमातीच्या बांधकामासाठी आयएस १३८२८ आणि दुरुस्ती-मजबुतीकरणासाठी आयएस १३९३५. या दोन्ही पुस्तिकांच्या प्रती जागेवर ठेवल्या आहेत.

१४ नोव्हेंबर

२३ घरं बघून झाली. ओळंबा लावून फुगवटा मोजायची पद्धत ठरवली: भिंतीच्या वरच्या कडेला खिळा, तिथून ओळंबा, आणि दर ३०० मिमीवर दोरीपासून भिंतीपर्यंतचं अंतर. दोरी भिंतीला टेकू नये म्हणून खिळ्यावर ५० मिमीची लाकडी पट्टी. वाऱ्यात ओळंबा हलतो, तेव्हा गोळा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचा.

एक खबरदारी. फुगवटा बाहेरच्या तोंडावर असला आणि त्याच जागी आतलं तोंड सरळ असलं, तर तोंडं सुटलेली आहेत. दोन्हीकडे सारखाच कल असेल तर पाया खचलेला असण्याची शक्यता जास्त. काळ्या मातीतल्या पायाच्या भेगाही वेगळ्या ओळखाव्या लागतात: त्या पावसाळ्यात मिटतात आणि उन्हाळ्यात उघडतात, जोत्यापासून वर तिरक्या जातात. कोपऱ्यातली उभी भेग, जी वर रुंद आणि खाली बारीक, ती दोन भिंतींची गाठ नसल्याची. घर क्र. ७ आणि १९ मध्ये चारही कोपरे असे आहेत.

जुन्या घरांत जमिनीखाली धान्याचं पेव असतं. फॉर्ममध्ये पंधरावा रकाना वाढवला: पेव आहे का, बुजवलं कशाने, आणि भिंतीपासून किती लांब. घर क्र. ११ मध्ये पेव राख आणि कचऱ्याने बुजवलेलं, भिंतीच्या अगदी बुडाशी.

१६ नोव्हेंबर

जमिनीची कंपनचाचणी सुरू. तीन घटकांचा संवेदक, प्रत्येक जागी ३० मिनिटांची नोंद, नंतर २५ सेकंदांचे तुकडे करून आडव्या आणि उभ्या कंपनांचं गुणोत्तर. ते ज्या वारंवारतेला सगळ्यांत जास्त, म्हणजे शिखर, तो जमिनीचा स्वतःचा ताल. दहा हर्ट्झच्या आसपासच्या शिखरासाठी २५ सेकंद भरपूर होतात. नियम एवढाच की तुकड्यात शिखराच्या वारंवारतेची निदान दहा आवर्तनं बसली पाहिजेत.

संवेदक भेगाळलेल्या काळ्या मातीवर सरळ ठेवला तर नोंद बिघडते. १५ सेंमी खड्डा, तळाशी ठोकलेला मुरूम, त्यावर संवेदक, वर वाऱ्यापासून आडोसा म्हणून उलटी घमेली.

१७ नोव्हेंबर

कालच्या सहापैकी दोन नोंदी फेकल्या. २४ हर्ट्झला सुईसारखं शिखर आलं, तिन्ही घटकांत सारखं. चार ध्रुवांची पाण्याची मोटर मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते, म्हणजे बरोबर २४ हर्ट्झ. विहिरीवरची मोटर चालू होती. जमिनीचं शिखर रुंद असतं, यंत्राचं टोकदार. शंका आली तर महावितरणचं भारनियमन ज्या वेळेत असेल तेव्हा पुन्हा नोंद घ्यायची. आज तेच केलं, शिखर गेलं.

१९ नोव्हेंबर

गावठाणाचा निकाल. इथल्या बोलीत गावठाणाला पांढरी म्हणतात आणि शेतीला काळी. ही पांढरी म्हणजे शेकडो वर्षं पडलेल्या घरांच्या मातीचा, राखेचा, शेणाचा, खापरांचा थर. माळवदावर घालायची पांढरी मातीही इथूनच निघते. भूकंप अभियांत्रिकीच्या दृष्टीने हा न दाबलेला भराव.

भूपृष्ठ तरंगांची चाचणी घेतली: २४ जिओफोन (जमिनीचं कंपन टिपणारे संवेदक), एकेक मीटर अंतरावर, ८ किलोचा घण आणि लोखंडी पाटी, प्रत्येक जागी १० ठोके एकत्र करून. पांढरीत कातर तरंगाचा (जमिनीला आडवं हलवत जाणाऱ्या तरंगाचा) वेग सेकंदाला १८० मीटरच्या आसपास, जाडी ४.५ मीटर. गावाबाहेर काळी १.५ मीटर, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण.

वारंवारतेचं सोपं सूत्र, वेग भागिले चौपट जाडी: पांढरीत १८० ÷ १८ = १० हर्ट्झ. बाहेर, वेग तोच धरला तर, १८० ÷ ६ = ३० हर्ट्झ.

आता घर. कोडमधलं दगड-विटांच्या इमारतींचं सूत्र २.९ मीटर उंची आणि ६.४ मीटर रुंदीला ०.१० सेकंद देतं, म्हणजे ९.७ हर्ट्झ. दगडमातीच्या घराला हे सूत्र तंतोतंत लागू पडत नाही, भिंती एकमेकींपासून सुटल्या की त्या आपापल्या तालावर हलतात. तरी दिशा स्पष्ट आहे: गावठाणातली जमीन आणि त्यावरची बैठी घरं एकाच तालात डोलतात. तेच घर गावाबाहेरच्या उथळ काळीवर असतं तर हा अनुनाद मिळाला नसता. पाहणीच्या प्राधान्ययादीत पांढरीवरची घरं वर घेतली.

खडकाची जाडी इथे फसवी असते. किल्लारीच्या संशोधन-विंधनविवरात बेसाल्टची जाडी ३३८ मीटर निघाली, त्याखाली पुरातन पायाभूत खडक. पण लाव्हाच्या दोन थरांमध्ये तांबडी बोल मातीसारखे मऊ पट्टे असतात. तरंगाचा वेग वर जास्त आणि खाली कमी असा उलटा मिळाला तर आकडेमोडीला 'खोलीबरोबर वेग वाढतो' ही अट घालू नये.

२१ नोव्हेंबर

हिशेबाचा दिवस. घर क्र. ७ निवडलं. बाहेरून ९.२ × ६.४ मीटर, एकमजली, भिंत ७५० मिमी, उंची २.९ मीटर, दोन दारं, एक खिडकी. छत माळवदाचं, मातीची सरासरी जाडी ४५० मिमी, सवण्याभोवती (उजेड-धुरासाठी छतात ठेवलेल्या भोकाभोवती) ६०० पर्यंत. दर दोन-तीन वर्षांनी गळती थांबवायला वर नवी माती टाकली जाते, जुनी कोणी काढत नाही. जाडी अशी वाढते.

वजनं:
छतावरची माती: ५९ चौ.मी. × ०.४५ मी. × १७ (घ.मी.चं वजन, किलोन्यूटन) = ४५१ किलोन्यूटन, म्हणजे ४६ टन.
लाकूड: सुमारे ३० किलोन्यूटन.
भिंती: ५८ घ.मी. × २२ = १२७६ किलोन्यूटन.

भूकंपाचा आडवा गुणांक, म्हणजे वजनाचा किती भाग आडवा जोर म्हणून धरायचा (कोडचं सूत्र): ०.१६/२ × १/१.५ × २.५ = ०.१३३. छताच्या पातळीला छत आणि भिंतीचा वरचा अर्धा भाग धरला तर ४८१ + ६३८ = १११९ किलोन्यूटन, आणि आडवा जोर १४९. माती २०० मिमीवर आणली तर माती २०१, एकूण ८६९, जोर ११६. एक पोतं सिमेंट न वापरता जोर २२ टक्क्यांनी खाली. म्हणून पहिलं काम फावड्याचं.

दुसरा हिशेब माझ्या मते या प्रकल्पाचा गाभा आहे. भिंत आपल्या तळाच्या कडेवर बाहेरच्या बाजूला कलायला लागते ते त्वरण, गुरुत्वाच्या पटीत, जाडी भागिले उंची एवढं. एकसंध भिंतीसाठी ७५० ÷ २९०० = ०.२६. तोंडं सुटलेली असतील तर प्रत्येक तोंड स्वतंत्र: ३०० ÷ २९०० = ०.१०. झोन ३ चा आकडा ०.१६. म्हणजे जी भिंत एकसंध असती तर जमिनीच्या त्या त्वरणाला कलायला लागली नसती, तीच दोन तोंडांत सुटल्यामुळे कलते. हे कलायला लागण्याचे आकडे आहेत, पडण्याचे नव्हेत. आणि भिंतीच्या वरच्या भागात त्वरण जमिनीपेक्षा वाढतं, छताचा धक्काही मिळतो. तरीही ०.२६ आणि ०.१० यांच्यातला फरक कुठल्याही सुधारणेने पुसला जात नाही. जाड भिंत म्हणजे भक्कम भिंत हा समज इथेच मोडतो.

किल्लारीच्या मुख्य धक्क्याची केंद्राजवळ यंत्रावर नोंद झालेली नाही. त्या गावांतल्या त्वरणाचे आकडे नुकसानीवरून मागे जाऊन काढलेले अंदाज आहेत, आणि त्यावर घराच्या मजबुतीचा निर्णय बेतू नये.

२४ नोव्हेंबर

घर क्र. ७ च्या भिंतीत पाच ठिकाणी दगड काढून आत बघितलं. चार ठिकाणी मधली भर हाताने उकरली गेली. उत्तरेच्या भिंतीत एक आरपार दगड सापडला, दाराजवळ. आयएस १३८२८ च्या मते उंचीत दर ६०० मिमीला आणि आडवं १.२ मीटरच्या आत एक हवा.

आतली मोकळी लांबी ७.७ मीटर. कोडची मर्यादा ५ मीटर. मधे लाकडी पडदी आहे, पण ती भिंतीला धरत नाही.

चांगली बाजू: छताचं वजन खांब-तुळयांवर आहे. १९९३ मध्ये भिंती पडूनही काही घरांची लाकडी चौकट उभी राहिली होती. फॉर्ममध्ये खांबांचा रकाना त्यासाठीच आहे. मात्र भिंतीत गाडलेले दोन खांब बुडाशी वाळवीने खाल्लेले. पेचकस ३० मिमी आत जातो.

२७ नोव्हेंबर

मालकांची हरकत नोंदवून ठेवतो, कारण ती रास्त आहे. माती कमी केली तर उन्हाळ्यात घर तापेल आणि पावसात गळेल. म्हणून २०० मिमीच्या खाली जायचं नाही. थर असा ठरला: फळ्यांवर जुनी चांगली माती १०० मिमी ठोकून, त्यावर २५० मायक्रॉनचा जाड प्लॅस्टिक कागद, ३०० मिमी दुमड देऊन, वर १०० मिमी पांढरी माती, उतार ४० ला १. कागद सवण्याच्या कडेला वर वळवायचा. गळती थांबली की दर दोन वर्षांनी नवी माती टाकायची सवयही थांबेल. ती थांबली नाही तर दहा वर्षांत वजन पुन्हा होतं तिथे.

२ डिसेंबर

टेकू लावले: तुळईखाली दर १.५ मीटरला, खाली ३०० मिमीची फळी, पाचर हाताने घट्ट. पाचर घणाने ठोकली तर तुळई उचलली जाते आणि भिंतीवरचे दगड हलतात.

३ ते ५ डिसेंबर

माती काढली. मोजमाप १४.७५ घ.मी., सुटी झाल्यावर सुमारे सव्वापट, ट्रॅक्टरच्या सहा ट्रॉल्या. एका बाजूने सलग काढायची नाही. १०० मिमीचा थर संपूर्ण छतावरून, मग पुढचा. एकच अर्धा भाग हलका केला तर चौकट जड बाजूला झुकते. ५ तारखेला दुपारी पश्चिमेकडे हा नियम मोडला गेला, दोन तासांत एक खांब ८ मिमी सरकला. काम थांबवून दुसऱ्या बाजूची माती उतरवली, खांब ३ मिमीपर्यंत परत आला.

छत हलकं झाल्यावर भिंतीच्या डोक्यावरचा दाब कमी होतो, त्यामुळे वरचे दोन थर सैल पडलेले दिसतात. वरचा ३०० मिमी भाग उतरवून १:६ सिमेंट मसाल्यात पुन्हा रचला.

८ डिसेंबर

वाळवीचे दोन खांब बदलले. बुडाशी घडीव दगडाची बैठक, त्यात १२ मिमीची सळई खांबात १०० मिमी. खांब-तुळई सांध्यांना तिरके लाकडी हात, ७५ × ७५ मिमी, ४५ अंशात, दोन्ही टोकांना १२ मिमीचे बोल्ट. खिळे चालत नाहीत. जुन्या बाभळीत खिळा वाकतो आणि लिंबात फाट पडते. गिरमिटाने भोक आधी.

छताच्या प्रतलात तुळयांच्या खालून लोखंडी पट्टी फुलीच्या आकारात, चार खणांत.

११ डिसेंबर

आरपार बांधणीची, म्हणजे भिंतीत आरपार भोकं पाडून सळई-काँक्रीटने दोन्ही तोंडं जोडण्याची, खुणाखुण. तीन ओळी: जोत्यापासून ०.५, १.४ आणि २.३ मीटर. आडवं अंतर १ मीटर, मधली ओळ अर्धा मीटर सरकवून. दारं-खिडकी वगळून एकूण ७५. खुणा लाल रंगाने दोन्ही तोंडांवर, क्रमांकासह. आतली खूण बाहेरच्या खुणेसमोर यावी म्हणून दाराच्या चौकटीपासून दोन्हीकडे माप घेतलं.

साहित्य: प्रत्येक भोकाला सुमारे ०.०१२ घ.मी. काँक्रीट, एकूण ०.९ घ.मी.; १:२:४ प्रमाणाने सहा पोती सिमेंट. खडी १० मिमीच, २० ची भोकात अडकते. सळई ८ मिमी, सरळ भाग ७०० मिमी, दोन्ही टोकांना आकडा, एकूण लांबी ९५० मिमी, एकूण वजन २८ किलो. एवढंच. ज्यामुळे भिंतीचा आकडा ०.१० वरून ०.२६ कडे जातो ते पोलाद एका माणसाला डोक्यावर नेता येईल एवढं आहे.

१३ डिसेंबर

भोकं सुरू. दगड पहारीने हळूहळू खाली-वर, डावी-उजवीकडे हलवून सोडवायचा. ड्रिल मशीन किंवा घण वापरायचा नाही, हादऱ्याने मधली भर खाली बसते आणि वर पोकळी होते. भोक साधारण ७५ मिमी, तोंडाजवळ दोन्हीकडे रुंद, म्हणजे काँक्रीटचा आकार डंबेलसारखा होतो आणि ते तोंडांना धरून ठेवतं.

१४ डिसेंबर

चूक. शेजारची दोन भोकं, ३१ आणि ३२, एकाच दिवशी उघडी ठेवली. रात्रीत मधली भर ओघळली, बाहेरच्या तोंडाचा सुमारे एक चौरस मीटर भाग १५ मिमी बाहेर आला. फळी लावून तिरका टेकू दिला, पोकळीत चिपा आणि १:४ मसाला हाताने दाबून भरला, २४ तास थांबलो. नियम बदलला: एका दिवसात एकाआड एकच भोक, आणि त्याच संध्याकाळी भरायचं. भरता येणार नसेल तर उघडायचं नाही.

१८ डिसेंबर

भरलेल्यांपैकी ९ क्रमांकाचा मुद्दाम फोडून बघितला. मधल्या २०० मिमीत पोकळी. कारण उघड: बाहेरूनच भरला होता. आडव्या भोकात काँक्रीट स्वतःहून पुढे जात नाही आणि सळई घातल्यावर कांडीने दाबायला जागा उरत नाही. नवी पद्धत: आतून एक माणूस, बाहेरून एक. भोकाला आधी पाणी शिंपडून सिमेंटचं पाणी. दोघांनी मध्यापर्यंत अर्धी उंची भरून कांडीने दाबायचं, मग सळई ठेवायची, मग उरलेला भाग दोन्हीकडून. पहिले १२ पुन्हा केले.

पाणी मारण्याबद्दल: दहा दिवस ओलं ठेवायचं, पण पाइपने नाही. मातीचा मसाला भिजला की भिंत मऊ होते. ओलं गोणपाट तोंडावर बांधून दिवसातून चारदा शिंपडणं.

२९ डिसेंबर

तपासणी. समोरासमोर आतल्या आणि बाहेरच्या तोंडावर एकेक त्वरणमापक, मधे रबरी हातोड्याचा ठोका. बांधणीआधी पूर्व भिंतीत दोन्ही तोंडांच्या नोंदी निराळ्या होत्या: बाहेरचं तोंड ठोक्यानंतर बराच वेळ थरथरत राहायचं आणि आत जवळपास काही पोचत नव्हतं. आता दोन्ही नोंदी बरोबरीने सुरू होतात आणि बरोबरीने विरतात. दक्षिण भिंतीत ५८ ते ६१ च्या पट्ट्यात अजून फरक आहे. तिथे दोन भोकं वाढवली, म्हणजे एकूण ७७.

३ जानेवारी

आडवे पट्टे. दोन पातळ्या: दाराच्या वर १.९५ मीटरला आणि छताखाली. रुंदी २८० मिमी, दोन्ही तोंडांवर. बाहेर ३१.२, आत २५.२, म्हणजे एका पातळीला ५६.४ मीटर, दोन मिळून ११३.

कृती: सांध्यांतली माती १५ ते २० मिमी उकरून ब्रशने साफ, सिमेंटचं पाणी, १:३ चा १२ मिमी पहिला थर, त्यावर वेल्डेड जाळी, जाळीची दुमड ३०० मिमी, मग १६ मिमीचा दुसरा थर. दगडाचा खडबडीतपणा धरता जाडी सरासरी ४० मिमी जाते आणि सिमेंट हिशेबाच्या १३ पोत्यांऐवजी १७ लागली.

अडचण खिळ्यांची. कोडप्रमाणे १५० मिमीचे खिळे दर ३०० मिमीला. सिमेंटच्या सांध्यात ते धरतात, मातीच्या सांध्यात हाताने ओढले तरी निघतात. इथे जाळी भिंतीला नाही, फक्त गिलाव्याला चिकटलेली राहते. उपाय: पट्ट्याच्या रेषेत दर मीटरला ६ मिमीची सळई आरपार, दोन्ही टोकं जाळीच्या उभ्या-आडव्या तारेभोवती वळवून. वरची आरपार ओळ २.३ ऐवजी पट्ट्याच्या उंचीला घेतली असती तर त्याच आकड्यांना जाळी बांधता आली असती आणि त्या पट्ट्यापुरतं हे जादा काम वाचलं असतं. पुढच्या घरात ओळींची उंची पट्ट्यांवरून ठरवायची.

६ जानेवारी

कोपऱ्यांत उभी जाळी, जोत्यापासून छताखालच्या पट्ट्यापर्यंत, कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना ४०० मिमी. कोपऱ्यातला दगड गोलसर असेल तर जाळी कोपऱ्यावर पोकळ राहते आणि गिलावा तिथेच फुटतो. आधी मसाल्याने कोपरा भरून सरळ करायचा.

लांब भिंतींच्या मध्यावर बाहेरून पुस्त (भिंतीला टेकलेला आधाराचा खांब), दगड आणि १:६ मसाला, भिंतीत तीन ठिकाणी दात काढून गुंतवलेला. पाया मुरमापर्यंत न्यायला पाहिजे, पण पांढरीत तो ४.५ मीटरवर. १.२ मीटरवर थांबून तळाला १५० मिमी काँक्रीटची रुंद बैठक दिली. पुस्त भिंतीपेक्षा जास्त खचला तर तोच भिंतीला बाहेर ओढेल, म्हणून सांध्यावर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. काच तडकली की हालचाल.

९ जानेवारी

छताखालच्या पट्ट्यात लोखंडी कोन बसवून तुळया त्याला बोल्टने जोडल्या. भिंतीचं डोकं आता मोकळं नाही.

१३ जानेवारी

उरलेल्या २२ घरांची वर्गवारी. तीन प्रकार पुढे येतात आणि प्रत्येकाला क्रम वेगळा लागतो.

माळवद तसंच असलेली घरं: क्रम घर ७ सारखाच.

माळवद काढून पत्रे टाकलेली: वजन जवळपास गेलं, पण भिंतीचं डोकं मोकळं झालं. पत्रे उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड हे धक्क्यात दारासमोर पडणारे दगड असतात. इथे छताखालचा पट्टा आणि पत्र्याला आकड्याचे बोल्ट आधी.

जुन्या भिंतीवर काँक्रीटचा स्लॅब टाकलेली: अशी चार. १२५ मिमी स्लॅबचं वजन चौ.मी.ला ३.१ किलोन्यूटन, म्हणजे ४५० मिमी मातीपेक्षा (७.६५) निम्म्याहून कमी. वजनाने हे घर सुधारलेलं वाटतं. पण स्लॅब टाकताना खांब काढले, आणि चारपैकी तीन घरांत स्लॅब फक्त आतल्या तोंडावर टेकलेला आहे. बाहेरचं तोंड मोकळं, आतल्या ३०० मिमीवर सगळा भार. आरपार बांधणी होईपर्यंत स्लॅबखाली पोलादी टेकू, दर दीड मीटरला, हे मालकांना लेखी दिलं.

१७ जानेवारी

घर ७ चा मजुरीचा हिशेब, पुढच्या नियोजनासाठी. माती काढणं ३ दिवस ६ माणसं. लाकूडकाम ५ दिवस, सुतार आणि मदतनीस. आरपार बांधणी १२ दिवस ४ माणसं, त्यातले तीन दिवस चुका दुरुस्त करण्यात. पट्टे आणि कोपरे ६ दिवस ५ माणसं. ज्वारीची काढणी सुरू झाली की माणसं मिळत नाहीत, म्हणून घर १९ ची आरपार बांधणी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्याआधी संपवायची.

२० जानेवारी

पुस्ताच्या सहा काचपट्ट्यांपैकी एक तडकली, उत्तरेची, बुडाजवळची. ओळंब्यात फरक नाही. पट्टीखालचा मसाला आकसल्याचीही शक्यता आहे. शेजारी दुसरी पट्टी लावली, चिकटवायला या वेळी इपॉक्सी. दर सोमवारी बघायची.

घर १९: ओळी ०.५, १.२५ आणि २.० मीटरला घेतल्या. वरची ओळ पट्ट्याच्या रेषेत. भोक क्र. १ उद्या सकाळी.